चामड्याची हत्यारं आपल्या घरात चालतील का?



गेल्या महिन्यात आमच्या घरात एका लाकडी पेटीवरून दोन आठवडे वाद चालला. पेटीत दागिने नव्हते, जमिनीचे कागदही नव्हते. होती चामड्याच्या कामाची जुनी हत्यारं. वाद अजून पुरता मिटलेला नाही, पण माझं मत मात्र ठरलं आहे. ते इथे मांडते. पटलं तर बघा, नाही पटलं तर मोकळेपणी सांगा.

आमच्या सूनबाई घरी कॅनव्हासच्या आणि खादीच्या पिशव्या करतात हे तुम्हाला माहीत आहे. पाठशाळेच्या मुलांना मागच्या चौमासात वाटलेल्या वह्यांच्या पिशव्या तिच्याच. आता तिला जाड कॅनव्हास आणि बुचाच्या कापडाच्या बॅगा करायच्या आहेत. बुचाचं कापड म्हणजे झाडाच्या सालीपासून केलेलं, दिसायला चामड्यासारखं पण प्राण्याशी काही संबंध नसलेलं. घरातलं शिवणयंत्र चार पदरांवर आलं की सुई मोडतं. नवीन जड मशीन आणि बाकी सामान घ्यायचं तर हिशेब फार वर जातो. तेवढ्यात ओळखीतून कळलं की कोल्हापुरातले एक वयस्क चपला करणारे कारागीर काम थांबवत आहेत. मुलं नोकरीला लागली, डोळ्यांना दिसत नाही, आणि सगळा संच एकदम द्यायचा आहे. मशीन, ऐरण, रापी, आऱ्या, हातोडे, पकडी, भोकं पाडायचे पंच, नक्षीचे ठसे, लाकडी फर्मे, सगळं मिळून चोवीस हजार.

सूनबाई म्हणाली, "आई, बघून तर येऊ."

मोठ्या जाऊबाई तिथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आज रापी आणशील, उद्या कसायाचा सुरा स्वस्त मिळाला म्हणून आणशील. आपलं घर कुठलं, आपण काय आणतो!"

जाऊबाईंचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. त्यांच्या मनात जे आहे ते आपल्या सगळ्यांच्याच मनात असतं. लहानपणी आपल्याला काय शिकवलं? बस्तीत जाताना पट्टा काढून ठेवायचा, चामड्याची पर्स बाहेर ठेवायची. चामड्याच्या बुधल्यातलं तेल-तूप आणि पखालीचं पाणी घ्यायचं नाही. हे नुसतं सोवळं-ओवळं नाही, त्याला शास्त्राचा आधार आहे. पंडित आशाधरांनी सागारधर्मामृतात चामड्यात ठेवलेलं पाणी, तेल-तूप, हिंग खाणं हा मांसत्यागाच्या व्रतातला अतिचार सांगितला आहे. कुणी म्हणेल, जनावर आपोआप मेलं असेल तर काय हरकत? मांसाच्या बाबतीत हीच पळवाट अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात बंद केली आहे. आपोआप मेलेल्या बैला-म्हशीच्या मांसातही सूक्ष्म जीव असतात आणि त्यांची हिंसा होतेच, असं ते सांगतात. म्हणजे चामड्याचा तिटकारा हा आपला उगाचचा हट्ट नाही.

त्यातून रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्राचार्यांनी अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक हिंसादान. हिंसेची साधनं दुसऱ्याला देणं म्हणजे हिंसादान. त्यांच्या यादीत कुऱ्हाड आहे, तलवार आहे, कुदळ आहे, विस्तव आहे, साखळदंड आहे. जाऊबाईंनी पाठशाळेत हे शिकवलेलं आहे, त्यामुळे त्या लगेच म्हणाल्या, "हत्यार हे हत्यारच असतं."

मी रात्री त्या यादीचा विचार करत बसले आणि कुदळीपाशी अडले.

आपण या भागातले जैन बहुतेक शेतकरी. आजोबांनी जन्मभर कुदळ वापरली, शेजाऱ्याला दिली, शेजाऱ्याची आणली. कुदळीने जमिनीतले जीव मरतात हे त्यांना ठाऊक नव्हतं का? होतं. म्हणून तर शास्त्रात संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे चार भेद केले आहेत. श्रावकाला संकल्पी हिंसा पूर्ण सोडायला सांगितली. पोटापाण्याच्या उद्योगात जी होते ती जपून, कमीत कमी करायला सांगितली. कुदळ बिनकारण, कुणाच्या हातात जाते आणि कशाला, हे न बघता देणं हा अनर्थदंड. शेतासाठी कुदळ ठेवणं हा नव्हे. म्हणजे हत्यारापेक्षा ते कशाला वापरणार हा प्रश्न मोठा आहे.

माझी आजी मोटेच्या गोष्टी सांगायची. तिच्या माहेरी विहिरीवर चामड्याची मोट चालायची. बैल उताराने खाली गेले की मोट भरून वर यायची आणि पाणी पाटात पडायचं. आजी त्या मोटेचं पाणी प्यायची नाही, प्यायचं पाणी घागरीने वेगळं शेंदून, गाळून घ्यायची. पण ऊस त्याच पाण्यावर, जोंधळा त्याच पाण्यावर. मोट फाटली की गावातला चर्मकार येऊन शिवायचा आणि सुगीला त्याचं बलुतं घेऊन जायचा. आपल्या घरातलं धान्य कितीतरी पिढ्या त्याच्या रापीवर आणि आरीवर उभं होतं. हे आपण विसरलो, कारण मोट गेली आणि पंप आला.

तर कसायाचा सुरा आणि रापी यांत फरक आहे का? माझ्या मते आहे. उंदराचा सापळा, माशाचा गळ, कसायाचा सुरा यांचं काम एकच आणि ते जीव घेण्याचं. ते आपण घेऊ नये, विकूही नये, फुकट मिळाले तरी नको. रापी म्हणजे रुंद पात्याचं, धारदार कापायचं साधन. ती चामडं कापते, तसं जाड कॅनव्हास, बूच, रबर, पुठ्ठाही कापते. ऐरणीवर काय ठोकायचं हे ठोकणारा ठरवतो. पंच भोक पाडतो, ते कशात पाडायचं हे आपल्या हातात आहे. जुनं घेतल्याने कुणी नवं जनावर मारत नाही. ती हत्यारं वीस-तीस वर्षांपूर्वीच बनली. आपण चामडं विकत घेतलं असतं तर मात्र कातड्याला आपल्याकडून भाव मिळाला असता आणि तो पैसा फिरत फिरत कत्तलखान्यापर्यंत गेला असता. कृत, कारित, अनुमोदना या तिन्ही चाळण्या लावून पाहिल्या. चामडं घेणं हे कारितात बसतं. हत्यार घेऊन त्याने कापड कापणं हे तिन्हींपैकी कशातही बसत नाही. मी वाणिज्य शाखेची, शास्त्री नाही. चुकत असेन तर जाणत्यांनी सांगावं.

इथपर्यंत माझं मत स्वच्छ होतं. पुढचं सांगायला जड जातंय, पण ते सांगितल्याशिवाय हा लेख खोटा होईल.

आम्ही दोघी बघायला गेलो. दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत काम. भिंतीला कपाशीची, म्हणजे कापशी पद्धतीची एक जुनी जोडी टांगलेली. मामांनी एकेक वस्तू पुसून चटईवर मांडून ठेवली होती. मी सूनबाईला घरूनच सांगून ठेवलं होतं, "पंधरा हजारांच्या वर जायचं नाही. त्यांना दुसरं गिऱ्हाईक कुठलं मिळणार?" आणि तेवढेच सांगितले. मामा काही बोलले नाहीत. त्यांच्या मंडळींनी आतून चहा आणला. मी हात जोडून म्हटलं, "आम्ही बाहेरचं घेत नाही."

त्या म्हणाल्या, "कपबशी नवी आहे, वैनी."

मैत्रिणींनो, त्याच आठवड्यात मी बसस्टँडसमोरच्या हॉटेलात चहा घेतला होता. तिथली कपबशी कुणाची, कुणी धुतली, हे मी विचारलं नव्हतं. सूर्यास्त व्हायला दोन तास होते, माझा उपवास नव्हता, कसला त्याग चालू नव्हता. मी चहा नाकारला तो धर्मासाठी नव्हे. आणि त्यांना ते बरोबर कळलं, म्हणून तर त्या कपबशीचं बोलल्या. घरी येऊन मी आंघोळ केली. स्वतःला सांगितलं की प्रवासाची धूळ आहे. बाजारातून आल्यावर मी कधी आंघोळ करत नाही.

अंगावर पाणी घेताना मला कर्मवीर आठवले. आपण त्यांच्या जयंतीला फोटोला हार घालतो, आपल्या कुंभोजचे म्हणून अभिमान सांगतो. ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये शिकत असताना अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले. परत आल्यावर आंघोळ करून मग आत ये म्हटलं, तेव्हा त्यांनी नकार दिला आणि त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. पुढे १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली ती गोष्ट आपल्याला पाठ आहे. आंघोळीची गोष्ट आपण भाषणात सांगतो आणि टाळ्या घेतो. याच कोल्हापुरात शाहू महाराज गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन सगळ्यांसमोर चहा प्यायले. शंभर वर्षं होऊन गेली, आणि मी नवी कपबशीसुद्धा नाकारली.

तेव्हा माझं पहिलं मत हे आहे की आपल्या मनात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत आणि त्या सोडवल्या पाहिजेत. एक, जिवाची दया. दुसरी, माणसाची घृणा. पहिली आपला धर्म आहे. दुसरी धर्मात कुठेच नाही, उलट निर्विचिकित्सा हे सम्यग्दर्शनाचं अंग म्हणून आपण पाठ करतो. चामडं नको म्हणणं वेगळं आणि चामड्याचं काम करणाऱ्याचा चहा नको म्हणणं वेगळं. आपण दुसरं करतो आणि नाव पहिल्याचं सांगतो.

आणि खरं सांगा, चामड्याला तरी आपण सगळीकडे सारखाच नकार देतो का? भजनाला बस्तीत तबला वाजतो. त्याची पुडी बकऱ्याच्या कातड्याची आणि ओढलेल्या वाद्या म्हशीच्या कातड्याच्या. नातू क्रिकेट खेळतो, तो लाल चेंडू कातड्याचाच असतो. मुलाच्या गाडीची सीट, यजमानांचं पाकीट, लग्नात जावयाला दिलेला बूट, हे सगळं दुकानातून चकचकीत होऊन येतं म्हणून आपल्याला त्यात जनावर दिसत नाही. सोवळ्याला रेशीम नेसणाऱ्या आपल्या कितीजणी होत्या, आठवा. कोशातल्या किड्यासकट कोश उकळतात हे कळल्यावर अनेकींनी सोडलं, अनेकींनी नाही. मी कुणाला नावं ठेवत नाही. माझ्याच कपाटात अजून दोन रेशमी साड्या आहेत. एवढंच म्हणते की ज्या घरात मोटारीची सीट चालते त्या घराने मामांच्या रापीकडे बघून नाक मुरडू नये.

जाऊबाई म्हणाल्या, "त्यांनी काम थांबवलं ते बरंच झालं की. एक चामड्याचं काम कमी झालं."

मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण हिशेब मांडला तर तो जुळत नाही. मामांनी काम थांबवल्याने चपला घालायचं कुणी थांबलं नाही. गिऱ्हाईक कारखान्यातला बूट घेईल, त्यातही चामडं असेल किंवा प्लॅस्टिक असेल. जनावर वाचलं नाही, एका माणसाची विद्या मात्र थांबली. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं, खिळा न मारता कातड्याच्याच वादीने घातलेले टाके, बायकांनी घातलेल्या बारीक वेण्या, ही कोल्हापुरी चपलेची ओळख. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने तशाच चपला दाखवल्या, तेव्हा आपण सगळ्यांनी फोनवर राग व्यक्त केला की आमच्या कोल्हापुरीचं नाव घेतलं नाही. मीही तो संदेश चार जणींना पाठवला होता. आमची कोल्हापुरी म्हणताना ती करणारे हात आमचे नव्हते, एवढं मात्र खरं.

चपलेला लागणारं चामडं मला नको आहे, हे मी लपवत नाही. मी स्वतः ती घालत नाही आणि घालणार नाही. पण वेणी घालण्याची, टाका ओढण्याची, कड पातळ करण्याची विद्या चामड्याची नाही, ती हाताची आहे.

आठ दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी मी कागद-पेन घेऊन गेले, कारण दुसरी चूक मी व्यवहारात केली होती. त्यातून जे शिकले ते तुम्हाला उपयोगी पडेल. शिवणाचा असो, स्वयंपाकाचा असो, कुठलाही जुना संच घेताना हेच लागू.

संच म्हणून एक आकडा सांगितला की प्रत्येक वस्तूची किंमत त्यात लपते. घेणाऱ्याला वाटतं जास्त आहे, विकणाऱ्याला वाटतं कमी मिळाले. म्हणून एकेक वस्तू लिहायची. मामांना विचारून लिहिलं. मशीन तेरा हजार, ऐरण अडीच हजार, पंच आणि ठसे अठ्ठावीसशे, रापी-आऱ्या-हातोडे-पकडी बावीसशे, फर्मे साडेतीन हजार. बेरीज बरोबर चोवीस. म्हणजे मामांनी आकडा वाऱ्यावर सांगितला नव्हता, माझे पंधराच वाऱ्यावरचे होते. नव्या मशीनचा भाव दुकानात विचारला, वापरलेल्या वर्षांचा घसारा वजा केला, तरी तेरा हजार वाजवीच निघाले.

मशीन बघताना चालवूनच बघावं. आपलं स्वतःचं कापड आणि दोरा न्यावा, चार आणि सहा पदरांवर शिवावं. हाताने चाक फिरवून कुठे अडकतं का, सुईचा दांडा हलतो का ते बघावं. रापीचं पातं किती शिल्लक आहे ते बघावं. वरवरचा गंज घासून जातो, खड्डे पडलेला गंज जात नाही. मुठी सैल आहेत का ते हलवून पाहावं. लाकडी वस्तूंवर बारीक भोकं आणि खाली भुगा दिसला तर आत कीड आहे. असली वस्तू घेऊच नये. घेतली तर मारायचं औषध घालावं लागतं आणि ते आपल्याला नको, न घालावं तर घरातलं लाकूड जातं. आणखी एक आपल्यापुरतं. जुन्या हत्यारांवर चरबीचा थर असू शकतो. घरात आणण्याआधी धुण्याचा सोडा आणि गरम पाण्याने घासून, कोरडी करून, मशीनचं तेल लावावं. आम्ही अंगणात बसून दोन दिवस हेच केलं.

फर्मे आम्हाला नको होते. ते पायाच्या आकाराचे लाकडी ठोकळे, बॅगेला काय उपयोगाचे? मामांचा आधी आग्रह होता की सगळं एकदम न्या, फुटकळ उरलेलं मी काय करू? सूनबाईला वाटलं, सगळ्याचे पैसे देऊन फर्मे तिथेच ठेवावेत, त्यांचा पुतण्या चपला करतो त्याच्या उपयोगी पडतील. इथे मी अडवलं. आपल्या पैशाने चामड्याच्या कामाचं साधन दुसऱ्याला घेऊन देणं, हे मला हिंसादानाच्या जवळचं वाटलं. आपण घेतले नाहीत तर तो आपला प्रश्नच उरत नाही. मग फर्म्यांचे साडेतीन वजा करून वीस हजार पाचशे दिले, एक रुपया न पाडता. पेटीच्या तळाशी कातड्याचे तुकडे होते, ते बाजूला काढून ठेवले. फर्म्यांचं पुढे काय करायचं ते मामांनी त्यांचं ठरवलं. जाऊबाई म्हणतात, हा शब्दांचा खेळ आहे. असेलही. पण रेघ कुठेतरी ओढावी लागते आणि ती कुठे व का ओढली हे आपल्याला सांगता आलं पाहिजे.

त्या दिवशी चहा कुणी विचारला नाही. का विचारतील? शेवटी मीच म्हटलं, "वहिनी, आज चहा नाही का?" त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या, मग आत गेल्या. चहा गोड होता, मी साखर कमी घेते, पण पूर्ण प्यायले. मी काही फार मोठं केलं असं समजू नका. एका कप चहाने काही फिटत नाही. आधीच्या आठवड्यातली कपबशी त्यांच्या लक्षात राहणारच आणि राहायलाच हवी. त्या दिवशी घरी येऊन आंघोळ मात्र केली नाही.

मामांनी जाताना सूनबाईला एक गोष्ट सांगितली. त्यांच्या आरीच्या टोकाजवळ खाच असते, तिने दोरा ओढून आणतात. चामड्यात ते ठीक, पण कापडात ती खाच धागे तोडते. "कापडाला गोल टोकाचा टोचा घे, धागा बाजूला सारतो, तोडत नाही," असं म्हणून पेटीतलाच एक काढून दिला. आम्ही पेटी घेऊन नुसत्याच आलो असतो तर हे कळलं नसतं. म्हणून मग ठरवलं, महिन्यातून चार दिवस मामा आणि त्यांच्या मंडळी सूनबाईला शिकवतील, त्याचे पैसे वेगळे. सुताच्या दोरीच्या वेण्या त्यांनी सहज घालून दाखवल्या. मामांना कॅनव्हास फारसा आवडलेला नाही. "याच्यात जीव नाही," म्हणाले. मी म्हटलं, "म्हणूनच आम्हाला चालतो, मामा." ते हसले.

आता माझं म्हणणं थोडक्यात. पहिलं, चामडं घरात नको, यावर मी ठाम आहे, आणि तो नियम तबल्यापासून गाडीच्या सीटपर्यंत सगळीकडे लावायचा प्रयत्न करू या. जमेल तेवढा करू, पण चकचकीत वस्तूला सूट देऊ नये. दुसरं, ज्या हत्याराने अहिंसक काम होऊ शकतं ते जुनं मिळालं तर घ्यायला हरकत नाही. साफ करून, स्वयंपाकघर आणि देवघरापासून वेगळं ठेवून वापरावं. ज्याचं काम फक्त जीव घेण्याचं आहे ते घेऊ नये. तिसरं, विकणारा अडलेला आहे, त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक नाही, म्हणून भाव पाडणं हा लोभच. अचौर्य व्रताच्या पाठात आपण खोटी मापं वाचतो. डोक्यातली मापंही तपासावीत. चौथं, मंडळाच्या पुढच्या वर्षीच्या पिशव्यांचं काम द्यायचं असेल तर वेणीकाम जाणणाऱ्या चर्मकार बायकांना विचारून बघू. उपकार म्हणून नव्हे, त्यांच्याइतकी बारीक वेणी आपल्यापैकी कुणालाच येत नाही म्हणून. त्या नाही म्हणाल्या तर तोही त्यांचा अधिकार.

पेटी सध्या मागच्या पडवीत आहे. जाऊबाई अजून तिला हात लावत नाहीत. मीही आग्रह धरत नाही, त्यांच्या भावनेला मान आहे. पण मामा शिकवायला येतात तेव्हा त्यांना चहा कोण देतं, यावर माझं लक्ष असतं. मागच्या गुरुवारी मी बस्तीतून यायला उशीर झाला, तर जाऊबाईंनीच दिला होता, घरातल्याच कपात.

दशलक्षण पर्व जवळ आलं आहे. या लेखात कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. आणि पर्वाच्या शेवटी क्षमा मागायला जाताना या वेळी फक्त आपल्याच गल्लीत नको जायला, एवढंच.

जय जिनेंद्र.